तिकोनीतला विशालकोन

माझं त्वांड जे उघडं ऱ्हायलंय ते अजून नीट मिटलेलं न्हाई. हे मी बोलतोय अन बायको लिहून घेतीय, कारन मला सही सोडली तर काय लिहिता येत न्हाई. सहीबी अशी, की बघनाऱ्याला वाटावं कागदावर मुंगी चिरडलीय. बायको म्हनली, खरं सांगनार असाल तर लिहिते. मी म्हनलं, खोटं बोलायला डोकं लागतं, ते माझ्याकडं कुठं हाय. तेवढं तिनं लगीच लिहून घेतलं.

आमचा एक जमिनीचा तुकडा हाय, त्याला आमी तिकोनी म्हनतो. त्याची एक बाजू श्रीगोंद्याच्या सडकंला लागून, दुसरी कॅनॉलच्या चारीच्या, म्हंजी पान्याच्या पाटाच्या, कडंनं अन तिसरी शेजाऱ्याच्या बांधानं. चारी अन बांध जिथं एकमेकाला भेटत्यात त्या टोकाला विहीर. सडकंवर हुबं राहून बघितलं तर रान निमुळतं हुत हुत विहिरीत जाऊन पडल्यासारखं दिसतं. आबा, म्हंजी आमचे वडील, गेल्यावरबी मी अन दादानं तिकोनी एकत्रच कसली. दादा थोरला. मी धाकटा, अन नुसता वयानं न्हाई, सगळ्याच बाबतीत.

कांदा काढून झाला हुता. दोगं विहिरीच्या कठड्यावर बसून भाकरी खात हुतो. दादानं पान्याचा तांब्या खाली ठेवला अन सरळ म्हनला, "तिकोनीची वाटनी करू."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. मला वाटलं दादाची तब्येत बिघडलीय.

"का रं दादा? माझं काय चुकलं का?"

"तुझं कवा चुकत न्हाई? पन त्यासाठी न्हाई. आपन धड हाय तवर करू. मागनं आपली पोरं भांडत बसायची."

पोरांचं भांडन टाळायला निघालेला मानूस. पुढं काय झालं ते ऐका.

आमच्याकडं वाटनीची रीत हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे अन धाकट्यानं आधी उचलायचा. पाडनाऱ्याला ठावंच नसतं आपल्या पदरात काय येनार, म्हून तो सरळ पाडतो. गावातली दोन म्हातारी मानसं साक्षीला बोलावली. दादानं सडकंकडची बाजू दोरीनं मापली, दोरी दुहेरी केली अन बरोबर मधी खुट्टी ठोकली. मग त्या खुट्टीपासनं विहिरीपर्यंत दोरी तानली अन तिच्यावर पांढरी फक्की टाकत गेला. एक रेघ. बास.

"झालं," दादा म्हनला. "सडक दोगांना सारखी, विहीर दोगांना. उचल."

मी बघितलं अन चाटच पडलो. आमची विहीर सडकंच्या मध्यासमोर न्हाई, ती बांधाकडं सरकलेली हाय. त्यामुळं एका रेघंनं पडलेले दोन तुकडे एकमेकाचे पाव्हनेसुदिक वाटंनात. बांधाकडचा जाडजूड, जेवून तक्क्याला टेकलेल्या मानसासारखा. चारीकडचा वाकडा अन लांबुळका, दारू पिऊन घराकडं निघालेल्या मानसासारखा. ही कसली वाटनी? एका आईची दोन लेकरं तरी जरा सारखी दिसत्यात. म्हंजी मी अन दादा सोडून.

बायको मागं पदर सावरून हुबी हुती. ती हळूच म्हनली, "अहो, दोन्ही सारखेच हायेत. कंचाबी घ्या."

"तू गप," मी म्हनलं. "रानातलं तुला काय कळतंय?"

म्हातारी मानसं हसली. मला वाटलं तिला हसली.

आता माझी मोजायची तऱ्हा सांगतो. जुनी मानसं रानाच्या कडंनं फेरी मारून अंदाज काढायची. मी त्यात बिडी घातली. बिडी पेटवायची अन बांधाबांधानं चालत सुटायचं. फेरी पुरी झाली तवा बिडी किती उरली, त्यावरनं रान लहान का मोठं ते कळतं. ही माझी स्वतःची विद्या, कुनी शिकवलेली न्हाई, अन शिकवली असती तर त्याला लोकांनी धरून मारलं असतं.

सगळ्यांच्या देखत मी जाड्याला फेरी मारली. परत आलो तर बोटात बिडी शिल्लक. दुसरी पेटवली अन वाकड्याच्या कडंनं निघालो. चालतोय, चालतोय, चारी काय सरंना. बिडी संपली, बोट भाजलं, तरी खुट्टी लांबच. मनात म्हनलं, बाबौ! हा दिसतो बारीक पन हाय मोठा!

"मला लांबुळका," मी वरडलो.

दादाचं त्वांड उतरलं. मी ते नीट बघितलं अन मला लई आनंद झाला. मला वाटलं, घावला.

"नीट बघितलंस का?" दादानं विचारलं.

"बघितलं. आता बदलनार न्हाई."

घरी येताना मी शीळ घालत हुतो. बायको काय बोलली न्हाई. ती बोलत न्हाई तवा मी समजतो की तिला पटलं. लग्नाला इतकी वर्सं झाली तरी माझा हा समज हाय.

आता मजा बघा. फाट्यावरच्या हाटेलात मी चहाला गेल्तो. हाटेलवाला कढई खाली उतरवून म्हनला, "तुझ्या वाट्याला त्यो वाकडा आला म्हनत्यात?"

"आला न्हाई, मी घेतला."

"घेतला?" त्यानं बाकड्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याकडं बघितलं. "हा म्हनतोय, घेतला!"

ट्रॅक्टरवाला म्हनला, "त्या टोकात माझा ट्रॅक्टर वळायचाबी न्हाई. तिथं बकरी नांगराला जुपावी लागंल. अरं येड्या, भावानं जाडा ठेवला अन तुला चिंधी दिली."

झालं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, होती तेवढीबी. तिथनं उठून मी सडकंवर गेलो अन बघितलं. खरंच, माझा तुकडा बारीक दिसत हुता. जाडा असा पोट सोडून बसलेला अन माझा आपला अंग चोरून. बिडी खोटी बोलली का? मी तर कंपनी बदललेली नव्हती.

शहान्या मानसानं दादाकडं जाऊन विचारलं असतं. मी हाटेलात परत गेलो. मला लोकांना हसवायची सवय हाय. कुनी हसलं की माझं डोकं बंद पडतं अन जीभ सुटती. रोज सकाळी चहा प्यायचा अन दादावर येक सोडायचा, असं सुरू झालं.

"दादानं मला जमीन न्हाई दिली," मी म्हनायचो, "जमिनीची सावली दिली. तीबी संध्याकाळची, लांबच लांब."

लोकं खो खो हसायची. मग मी अजून चढायचो.

"वाटनीच्या दिवशी दादा दोरी तानत हुता. मला वाटलं रान मोजतोय. तो माझा गळा मोजत हुता!"

त्या दिवशी ह्या वाक्याला कुनी हसलं न्हाई. हाटेलवाला माझ्या खांद्यावरनं मागं बघत हुता. मी वळलो. दादा हुबा हुता, हातात डेअरीला घालायच्या दुधाची किटली. त्याच्यासाठी भरलेला चहाचा कप हाटेलवाल्याच्या हातात तसाच.

माझं त्वांड तवा पैल्यांदा उघडं ऱ्हायलं. दादानं किटली गाडीला अडकवली अन गेला. चहा तसाच थंड झाला, तो ट्रॅक्टरवाल्यानं पिला.

तिथनं दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. दोन घरं एका अंगनात, मधी एक तुळस, अन दादा अंगनातनं असा जायचा जसं काय मी तिथं ठेवलेलं पिंप हाय.

मग वैनी आल्या. वैनी म्हंजी दादाची बायको. दारातच हुब्या ऱ्हायल्या.

"भावजी, ह्यांनी निरोप दिलाय. जाडा तुमी घ्या. वाकडा आमी घेतो."

"दादा का न्हाई आला?"

"ते त्यांना विचारा," वैनी म्हनल्या अन चुलीला लागायचंय म्हून गेल्या.

मला लाज वाटायला पायजे हुती. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकलो! बायको भांडी घासत हुती. हात न थांबवता म्हनली, "अहो, दोन्ही सारखेच हायेत म्हनते ना मी."

"मग बदलल्यानं काय बिघडतंय?"

"जमिनीचं काय बिघडत न्हाई," ती म्हनली.

मला वाटलं तिला पटलं.

बदलाबदली झाली. मी आपला जाड्यात जाऊन मधोमध हुबा ऱ्हायलो, कमरंवर हात ठेवून, सरपंचासारखा. अन समोर बघितलं तर काय! दादाचा वाकडा चारीच्या कडंनं पळतोय, पळतोय, थांबायचं नाव न्हाई. हा एवढा मोठा हुता? माझी हालत अशी, की ज्या बाजूला मी हुबा ऱ्हातो ती बाजू आखडती. मी खिशातनं बिडी काढली. जाड्याला फेरी मारली, बिडी उरली. वाकड्याला मारली, बोट भाजलं, तेच बोट. बिडी खरंच बोलत हुती!

वैनी विहिरीवर धुनं धूत हुत्या. मी कडंला जाऊन खोकलो.

"वैनी, तुमचा घेर जरा जास्त वाटतोय बरं का."

वैनींच्या हातातला साबन पान्यात पडला. त्या माझ्याकडं अशा बघत ऱ्हायल्या, जसं काय मीच पडलोय विहिरीत.

"भावजी, रान हाय का शर्ट? अंगात घालून बघायचं, न्हाई बसला की बदलून आनायचं?"

"मी आपलं म्हनलं…"

"ह्यांना आता काय सांगू मी जाऊन? सांगा की. काय सांगू?"

मी म्हनलं, काय सांगू नका. पन विहिरीवर बोललेलं घरी पोचायला पाय लागत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडकंला टेम्पो थांबला अन सिमेंटचे पोल उतरायला लागले. खुट्टीपाशी ढीग पडला. मी पळत गेलो. टेम्पोवाला म्हनला, तुमच्या भावानं मागवलेत, मधनं तारेचं कुंपन घालायचंय, विहिरीपर्यंत.

मी घरी आलो तर बायकोचे डोळे लाल. तिला वैनींनी सांगितलं हुतं. कुंपन झालं की दादा त्याच्या तुकड्यात बोर घेनार. विहिरीवर तो परत पाय ठेवनार न्हाई. आबांनी टिकाव घेऊन खांदलेली विहीर, जिच्यात आमी दोगं पवायला शिकलो. दादानंच मला त्या विहिरीत ढकलून शिकवलेलं, अन मी बुडतोय बघितल्यावर कापडासकट उडी मारलेली. त्या विहिरीला तो पाठ दाखवनार. अन कुंपन एकदा हुबं ऱ्हायलं की ते काढायला कुनी येत न्हाई. अंगनातली तुळसबी मग कुनाची तरी एकाचीच हुनार.

मी मटकन बसलो. पन पोल हुबे राहायच्या आधी एक काम अडलेलं हुतं, अन त्यामुळंच मी आज हे सांगतोय.

वाटनीच्या आधीच आमी कांद्याला ठिबक करायचं ठरवलं हुतं. मोटर एक, विजेचं कनेक्शन एक. ठिबकवाला म्हनला, विहिरीपासनं मोठा पाईप तुमच्या वाटनीच्या रेघंवरनंच खाली सडकंपर्यंत टाकतो, अन त्याच्यातनं दोन्ही बाजूला बारीक नळ्या काढतो. ह्या बाजूच्या नळ्या ह्याला, त्या बाजूच्या त्याला. दादानं वैनींच्या त्वांडी निरोप दिला, "टाकू दे. माझा बोर झाला की मी माझं तोडून घेईन." कुंपन त्याच्यानंतर.

ठिबकवाला आला. मोठा पाईप मातीत गाडून झाला. आता बारीक नळ्या. त्या सगळ्या सडकंला समांतर टाकायच्या, कारन सऱ्या तशाच पाडलेल्या. तो मधल्या रेघंवर हुबा राहून नळीचं भेंडोळं सोडायचा. एकदा चारीकडं सोडायचा, तिथं दादा टोक धरायचा. कापायचा. मग बांधाकडं सोडायचा, तिथं मी धरायचो. कापायचा. सडकंपाशी नळी लांबलचक, अन विहिरीकडं सरकावं तशी आखूड. आमी दोगं भाऊ एका सरीच्या दोन टोकाला, एकमेकाकडं न बघता.

न बघता म्हंजी, दादा बघत नव्हता. मी बघत हुतो. त्याची नळी मला लई लांब जाताना दिसायला लागली.

"ओ भाऊ," मी ठिबकवाल्याला वरडलो, "तिकडं नळी जास्त जातीय."

"रान जिथवर हाय तिथवर नळी जानार की," तो म्हनला.

"मोज."

"आता काय मोजायचं?"

"न्हाई, मोज. सगळ्यांदेखत कळू दे. काय ते एकदाचं हुऊन जाऊ दे."

ठिबकवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला. दादाकडची कापलेली नळी तशीच ओढत आनली अन माझ्या नळीवर टाकली. हे टोक त्या टोकाला लावलं. चालत दुसऱ्या टोकाला गेला अन हुबा ऱ्हायला.

"या. बघा."

मी गेलो. दोन्ही टोकं एका जागी. एक बोटभरसुदिक मागंपुढं न्हाई.

"उनानं तानली असंल," मी म्हनलं.

"मग दोन्ही तानल्या असत्याल की, दोन्ही उनातच हुत्या."

"ही एक निघाली असंल अशी. वरची घे."

वरच्या सरीतली घेतली. सारखी. त्याच्या वरची घेतली. सारखी. मी म्हनलं, विहिरीपाशी चल, तिथं कळंल. तिथं तर नळी हातभरच. ह्या बाजूला हातभर, त्या बाजूला हातभर. जी सरी धरावी ती सारखी. सगळ्या सऱ्या सारख्या असतील तर रान कमीजास्त ठेवायला जागाच कुठं उरली? मग मी एवढे दिवस काय मोजत हुतो? मग हाटेलात मी काय बोलत हुतो?

ओल्या सरीतच फतकल मारून बसलो. बसलो ते नळीवर, ती फुटली. ठिबकवाला काय बोलला ते बायको लिहीत न्हाई.

बायको चहा घेऊन आली हुती. वैनी तिच्या मागं. बायकोनं किटली खाली ठेवली अन म्हनली, "अजून एक मोजा. तुमाला वाटंल तिथली."

"हे असं कसं गं झालं?" मी विचारलं.

तिनं काडी उचलली अन मऊ मातीत तिकोनी काढली. जशीच्या तशी, विहीर बांधाकडं सरकलेली. मी तिच्याकडं बघतच ऱ्हायलो. ही भाकरी थापती तीच बाई?

"हे तीन कोपरे. ह्यांना शिरोबिंदू म्हनत्यात. एक विहीर, दोन सडकंवरचे. ह्या तीन बाजू. आपल्या तिन्ही बाजू येगयेगळ्या लांबीच्या, म्हून हा विषमभुज त्रिकोन. दोन सारख्या असत्या तर समद्विभुज. तिन्ही सारख्या तर समभुज."

"समभुज कुनाच्या वाट्याला येतो?" मी विचारलं.

"पुस्तकाच्या. आता ही भाऊंनी मारलेली रेघ," भाऊ म्हंजी दादा, "विहिरीपासनं समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत. हिला मध्यगा म्हनत्यात. मध्यगा टाकली की दोन्हीकडं सारखंच पडतं. दिसायला कसंबी दिसू दे."

मी बघितलं तर दादा चारीकडनं चालत आलेला. वैनींच्या मागं हुबा राहून मातीतल्या रेघा बघत हुता.

"पन एक वाकडा, एक जाडा," मी म्हनलं.

"खुट्टीपाशी बघा. गवंडी गुन्या लावतो, तो काटकोन. भाऊंकडचा कोन त्याच्यापेक्षा जास्त उघडलाय, म्हून तो विशालकोन त्रिकोन. तुमच्याकडचे तिन्ही कोन काटकोनापेक्षा कमी, म्हून तुमचा लघुकोन. नावं येगळी, पन पाया दोगांचा सारखा, सडकंचा अर्धा अर्धा. अन विहिरीवरनं सडकंवर सरळ उभी रेघ टाकली, तो शिरोलंब, ती उंची. विहीर एकच, मग उंची दोगांना एकच. पाया सारखा, उंची एकच. मग पोटात फरक कुठनं येनार?"

"अन बिडी?" मी शेवटचं विचारलं.

"बिडी कड मोजती. त्याला परिमिती म्हनत्यात. चुलीत काटकी लांब असती अन ओंडका आखूड. जास्त लांब ती काटकी. म्हून काय ती जास्त जळती का?"

ठिबकवाला खाली वाकून बघत हुता. त्यानं मान हलवली.

"हे तुला कवापासनं ठावं हाय?"

"दहावीपासनं."

"मग सांगायचं न्हाई का मला!"

"सांगितलं हुतं," ती म्हनली. "पैल्या दिवशी. तुमी म्हनला, गप."

माझं त्वांड उघडलं ते मिटंना. बायकोनं काडीनं माझ्याकडं दावलं. "हे बघा, हा झाला विशालकोन. त्रिकोनात विशालकोन एकच मावतो. एक एवढा उघडला की बाकीच्या दोगांना मिटावंच लागतं."

वैनी फिसकन हसल्या. बायको हसली न्हाई. ती मातीकडं बघत हुती. मला तवा कळलं की त्या दिवसांत मी उघडलेला हुतो, अन दादा अन ती, दोगं मिटून हुते.

मी दादाकडं बघितलं. मला वाटलं आता तो बोलंल, घावलास का, बघ, मी सरळ वाटा पाडला हुता. तेवढं बोलायचा त्याचा हक्क हुता. पन त्याचं त्वांड पांढरं पडलेलं. तो नळ्या बघत हुता, त्या एकावर एक पडलेल्या दोन नळ्या, अन त्याला माझ्यापेक्षा मोठा धक्का बसलेला.

"म्हंजी जाडा मोठा नव्हता?" त्यानं माझ्या बायकोला विचारलं. आजवर तो तिच्याशी सरळ कधी बोलला नव्हता, वैनींच्या त्वांडानं बोलायचा.

"न्हाई भाऊ. सारखे."

दादा खाली उकिडवा बसला. माझ्याकडं न बघता, नळीशी बोलावं तसं बोलायला लागला.

"मला वाटलं जाडा मोठा हाय. सडक सारखी ठेवली म्हंजी चारचौघांत वाटनी सारखी दिसंल, अन हा जाडा उचलंल. उघड जास्त दिलं असतं तर ह्यानं घेतलं नसतं, लई मिजास हाय ह्याला. म्हून तिथं खुट्टी मारली. अन ह्यानं वाकडा उचलला! मला जेवन गेलं न्हाई त्या दिवशी. धाकट्याचं खाऊन बसलो असं वाटलं. हाटेलात त्यो बोलला तवा राग त्याचा न्हाई आला. वाटलं, खरंच बोलतोय. मग बदलून दिला तवा कुठं बरं वाटलं. म्हनलं, गेलं त्याच्याकडं जास्तीचं." त्यानं दोन्ही नळ्या हातात धरल्या. "परत घेर मोठा म्हनाला तवा म्हनलं, ह्याला किती बी दिलं तरी… म्हून पोल मागवले. अन आता ही म्हनती सारखेच. म्हंजी मी तुला कायच दिलं न्हाई रं."

मला हसवायला लई येतं. कुनी मेलं तरी मी मयतीत एखादं सोडतो. त्या सरीत मला एक शब्द सुचला न्हाई. नुसतं त्वांड उघडं, अन त्यात डोळ्याचं पानी जायला लागलं, खारट.

दादानं मग वर बघितलं. सरळ माझ्याकडं. किती दिवसांनी.

"मिट की त्वांड," तो म्हनला. "चिलटं जातील."

पोल अजून सडकंला पडून हायेत. टेम्पोवाला परत न्यायला आला न्हाई, दादानं बोलावलंबी न्हाई. एसटीची वाट बघनारी मानसं त्याच्यावर बसत्यात. बोरचं नाव कुनी काढत न्हाई. मी हाटेलात जातो, पन आता नळीची गोष्ट सांगतो, अन बिडीची, अन सरीत फतकल मारल्याची. लोकं पैल्यापेक्षा जास्त हसत्यात. दादा बाकड्यावर बाजूला बसून चहा पितो. मी लई लांबन लावली की तो कप ठेवून म्हनतो, "मिट."

पन खरा धक्का मला त्याच्यानंतर बसला. कांद्याची रोपं लावायची हुती. सकाळी पान्याचा वॉल्व्ह उघडायला मी विहिरीवर गेलो. तिथं टोकाला, जिथं दोन्ही वाटे हातहातभर हुत हुत संपत्यात, तिथं दादाच्या बाजूच्या त्या चिमटीएवढ्या रानात रोपं लावलेली. माझी रोपं. माझ्या वाफ्यातनं उपटून नेऊन लावलेली, ओळीनं, मुळाला माती दाबून. घोंगडी आंथरली तर झाकून जाईल एवढा तुकडा. तोबी तिकोनीच.

दादा खाली सडकंकडं खुरपं घेऊन वाकलेला.

"दादा," मी वरडलो, "हे तुझ्यात आलंय!"

"ठावं हाय," तो खालनं म्हनला. वर बघितलं न्हाई. "तेवढं आता तुझं. तुझ्याकडची नळी जरा लांब कर. पानी पोचंना तिथं."

बायको मागनं पान्याची घागर घेऊन आली. तिनं रोपांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन हनुवटीखाली बोट लावून माझं त्वांड मिटवलं. हे लिहिताना आत्ताबी तिनं तेच केलं.